सोने संपले, गाव उरले

घरात लग्न ठरले की पहिली बोलणी निघतात ती सोन्याची. किती तोळे घालायचे, आजीची मोहनमाळ मोडायची की तशीच सुनेच्या गळ्यात घालायची, यावर रात्र रात्र खल होतो. पीकपाणी चांगले झाले की एखादी अंगठी होते, आणि पावसाने दगा दिला की तीच अंगठी सराफाकडे गहाण पडते. शेतकऱ्याच्या घरातले सोने म्हणजे नुसता दागिना नव्हे. अडीनडीला धावून येणारी ती घरची पेढी असते. पण वाचकहो, हे सोने जमिनीच्या पोटातून वर कोणी आणले, आणि ज्या गावातून ते निघाले त्या गावाचे पुढे काय झाले, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो.

असे एक गाव आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यात आहे. बंगळूरच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर, कोलार जिल्ह्यात. त्याचे नाव कोलार गोल्ड फील्ड्स. तिथली माणसे त्याला थोडक्यात 'केजीएफ' म्हणतात. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये याच नावाचे चित्रपट आले आणि हे नाव आपल्याही खेडोपाडी पोचले. चित्रपटातली कथा मात्र कल्पित आहे. खऱ्या गावाची कथा वेगळी आहे, आणि ती आपल्यासारख्याच रानातल्या माणसांची आहे.

कोलार हे नाव मराठी माणसाला तसे परके नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत कोलारचा मुलूख मोडत होता. त्या काळी तिथल्या मातीत सोने आहे हे आसपासच्या गावकऱ्यांना ठाऊक असणारच. कारण पुढे इंग्रज आले तेव्हा त्यांना तिथे फार जुन्या लोकांनी खणून ठेवलेले खड्डे सापडले. सोन्याचा शोध गोऱ्या साहेबाने लावला असे पुस्तकात लिहिलेले असते. खरे म्हणजे गावकऱ्यांना माहीत असलेली गोष्ट साहेबाने फक्त कागदावर आणली.

कागदावर आणणारा हा साहेब म्हणजे लेफ्टनंट जॉन वॉरन. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडला, त्यानंतर म्हैसूरच्या मुलखाची मोजणी सुरू झाली. त्या कामावर असताना १८०२ मध्ये वॉरनच्या कानावर सोन्याच्या गोष्टी आल्या. त्याने बक्षीस लावले. तेव्हा उरिगाम गावचे लोक गाडीत माती भरून घेऊन आले आणि त्याच्यासमोर ती धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले. पुढे साठ-सत्तर वर्षांनी मायकेल लॅव्हेल नावाच्या एका निवृत्त आयरिश सैनिकाने वॉरनचा लेख वाचला. १८७१ मध्ये तो बैलगाडी जोडून बंगळूरहून कोलारला गेला आणि १८७५ मध्ये म्हैसूर दरबाराकडून त्याने खाणकामाचा परवाना मिळवला. पण खोल खाण काढायची तर पदरी भांडवल हवे. ते त्याच्याकडे नव्हते. शेवटी १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली आणि खाणी जोमाने सुरू झाल्या. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरिगाम, नंदीदुर्ग अशी त्या खाणींची नावे. नफा लंडनच्या भागधारकांना, हिस्सा म्हैसूर सरकारला, आणि मजुरी खाली उतरणाऱ्या माणसाला, अशी वाटणी ठरली. कोणाच्या वाट्याला किती आले असेल, ते तुम्हाला निराळे सांगायला नको.

खाली उतरणारी माणसे

ही खाली उतरणारी माणसे कोण होती? ती आपलीच जात होती, म्हणजे रानात राबणारी. उत्तर अर्काट, सेलम, चित्तूर या भागांतले भूमिहीन शेतमजूर मुकादमाचा हात धरून कोलारला आले. त्यांत तमिळ आणि तेलुगू दलित कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळाने मद्रास आणि म्हैसूर मुलखातली खेडी आधीच मोडली होती. गावात दुसऱ्याच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या वेठ करायची, वर शिवाशिवीचा जाच सोसायचा, त्यापेक्षा अंधाऱ्या खाणीत उतरलेले बरे असे त्यांना वाटले. महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळतो, ही गोष्टच त्यांना नवी होती.

त्यांच्या राहण्यासाठी कंपनीने 'लाईनी' बांधल्या. एका रांगेत चिकटून खोल्या, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, एकेका खोलीत सारे कुटुंब. थोड्याच अंतरावर साहेब लोकांचे बंगले, बागा, क्लब आणि गोल्फचे मैदान होते. तिथली हवा थंड आणि बांधणी विलायती, म्हणून या वस्तीला 'छोटे इंग्लंड' म्हणत. एकाच गावात एकीकडे छोटे इंग्लंड आणि दुसरीकडे तट्ट्यांच्या लाईनी, असा तो संसार होता.

पण या लाईनींतून नुसते मजूर निपजले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी पंडित अयोथी दास यांच्या शाक्य बौद्ध चळवळीने इथल्या खाणवस्तीत मूळ धरले. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली ती १९५६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी या खाणमजुरांच्या वस्तीत बुद्धाचे नाव घेतले जात होते. १९३० मध्ये कामगारांच्या बोटांचे ठसे घेण्याची सक्ती झाली, तेव्हा 'आम्ही काय गुन्हेगार आहोत?' म्हणून हजारो माणसे काम टाकून बसली. शाळा निघाल्या, मुले शिकली, खेळाडू झाली, कारकून झाली, मास्तर झाली. खाणीने माणसे खाल्ली हे खरे, आणि खाणीने माणसे उभी केली हेही खरे.

दोन कळसूबाया उलट्या

आता ही खाण किती खोल होती ते पाहा. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. तशी दोन शिखरे एकावर एक ठेवून जमिनीत उलटी गाडली, तर टोक जिथे पोचेल साधारण तितक्या खोलवर, म्हणजे ३२०० मीटरच्या आसपास, चॅम्पियन रीफ खाणीत माणसे काम करीत होती. जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होई. उभ्या विहिरीसारखी ती भुयारे. त्यांना शाफ्ट म्हणतात. लोखंडी पिंजऱ्यात माणसे दाटीवाटीने उभी करायची आणि वर मोठ्या चाकावर फिरणाऱ्या तारेच्या दोराने पिंजरा खाली सोडायचा. तळाशी खडकच इतका तापलेला असे की हात टेकवत नसे. वरून यंत्राने थंड केलेली हवा खाली सोडावी लागे.

खोल गेले की खडकावर वरच्या डोंगराचा भार येतो. मध्येच तो भार खडकाला सोसत नाही आणि सुरुंग उडावा तसा खडक आपोआप फुटतो. अशा फुटीत कित्येक माणसे जागच्या जागी गेली. जी वाचली त्यांच्या छातीत दगडाची बारीक पूड साचली. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. खडक भोकसताना उडणारी धूळ श्वासाबरोबर आत जाते, फुप्फुसे हळूहळू दगडासारखी निबर होतात, आणि त्यावर औषध नाही. १९४० च्या दशकात इथल्या कामगारांची पाहणी झाली तेव्हा तपासलेल्या दहा जणांत चाराहून अधिक जणांना हा रोग असल्याचे दिसले. आपल्या देशात या रोगाची पहिली मोठी नोंद झाली ती या गावात.

आणि एवढे करून हाती काय येई? १८८० पासून खाणी बंद होईपर्यंत कोलारने सुमारे ८०० टन सोने दिले. त्यासाठी पाच कोटी टनांहून अधिक दगड फोडावा लागला. हिशेब करून पाहा. दहा क्विंटल दगड खोल भुयारातून वर आणायचा, त्याचे पीठ करायचे, तेव्हा सरासरीने सव्वा-दीड तोळ्याच्या आत-बाहेर सोने निघे. शेवटच्या काळात तर तेही प्रमाण फार घसरले.

गावाने देशाला काय दिले

सोन्याखेरीज या गावाने देशाला आणखी दोन गोष्टी दिल्या, त्या फारशा कोणाला ठाऊक नाहीत.

पहिली गोष्ट विजेची. खाणीतले पंप, पिंजरे, दगड भरडणारी यंत्रे हे सारे लाकडावर आणि कोळशावर किती दिवस चालवायचे? म्हणून दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात कावेरी नदीच्या शिवसमुद्रम धबधब्यावर वीज करायची योजना निघाली. ३० जून १९०२ रोजी ती वीज सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून कोलारला आली. त्या काळी एवढ्या लांब वीज नेणे हा साऱ्या जगात कौतुकाचा विषय होता. खुद्द बंगळूर शहराच्या रस्त्यांवर दिवे लागले ते १९०५ मध्ये, म्हणजे खाणीच्या नंतर तीन वर्षांनी. आज आपल्या विहिरीवर मोटर चालते. दूरच्या पाण्याची वीज तारेवरून आणून काम करायचे, हा धडा आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर गिरवला तो या खाणींसाठी.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून या खाणीत उतरत होते. आकाशातून पृथ्वीवर सतत अतिसूक्ष्म कणांचा पाऊस पडत असतो. त्यांतले न्यूट्रिनो नावाचे कण असे की साऱ्या पृथ्वीतून आरपार निघून जातात. जमिनीवर इतर कणांच्या गर्दीत ते ओळखू येत नाहीत. पण दोन किलोमीटर जाडीचा खडक मध्ये असला तर तो चाळणीसारखे काम करतो, बाकीचे कण वर अडतात आणि हे तेवढे खाली पोचतात. १९६५ मध्ये एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान व इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांबरोबर याच खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले. जगात हे प्रथम साधले त्यांत कोलारचे नाव आहे. ज्या अंधारात अर्काटचा शेतमजूर सुरुंग भरत होता, त्याच अंधारात विज्ञानाला नवी वाट सापडली.

खाण बंद झाली तेव्हा

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्र सरकारकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. पण खोली वाढली तसा खर्च वाढला, आणि दगडातले सोने कमी झाले. दोन हंगाम तोट्यात गेले की आपलेही कंबरडे मोडते. इथे तर वर्षानुवर्षे तोटा होता. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. पंप थांबले आणि खालची भुयारे पाण्याने भरली.

विचार करा, ज्या गावात वीज, पाणी, दवाखाना, शाळा, घर सारे खाणीचे, तिथे खाणच गेली तर काय होत असेल! शेतकऱ्याचे एक पीक गेले तरी जमीन राहते. खाणकामगाराला जमीनही नव्हती. राहत्या खोल्यांच्या मालकीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. आज त्या गावातली हजारो तरुण मुले-मुली पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परत येतात. १८९४ मध्ये खाणीसाठी घातलेल्या बंगारपेट ते मारिकुप्पम या रेल्वेवरच आता गावाचे पोट चालते.

गावाभोवती पांढऱ्या-करड्या मातीच्या तेरा टेकड्या उभ्या आहेत. या निसर्गाच्या टेकड्या नव्हेत. दगडाचे पीठ करून, सायनाइडच्या पाण्यात सोने विरघळवून घेतल्यावर जो चोथा उरला तो शंभर वर्षे तिथे ओतत गेले. उसाचा रस काढल्यावर चिपाडे उरतात तसा हा प्रकार. फरक एवढाच की चिपाडे जळणाला येतात, या चोथ्यावर गवतही धड उगवत नाही. वाऱ्याच्या दिवसांत त्याची धूळ घरांत आणि आसपासच्या रानांत जाते. या चोथ्यात अजून थोडे सोने आहे, म्हणून तो पुन्हा उपसण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये संमती दिली.

जपायचे ते काय?

आता मुद्द्याची गोष्ट. शाफ्टवरचे लोखंडी मनोरे गंजत आहेत. एके काळी नावाजलेल्या खाणीच्या दवाखान्याची पडझड झाली आहे. भंगार चोरणाऱ्यांचा डोळा प्रत्येक लोखंडी तुकड्यावर आहे. आणि ज्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले ती म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत.

तुम्ही म्हणाल, जिथे पोरांना काम नाही आणि उन्हाळ्यात पाण्याची वानवा, तिथे जुन्या भिंतींवर पैसा कशाला घालायचा? प्रश्न रास्त आहे. पोटाला भाकर नसेल तर वारसा काय चाटायचा! पण जगात काही गावांनी वारशातूनच भाकर काढली आहे, ती उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

ऑस्ट्रेलियात बॅलरॅट नावाचे गाव आहे. तिथे १८५१ मध्ये सोने सापडले आणि जगभरची माणसे धावली. १८५४ मध्ये परवान्याच्या जाचक फीविरुद्ध तिथल्या खाणकऱ्यांनी बंड केले. पुढे सोने आटले. मग १९७० मध्ये गावाने जुन्या खाणीच्या जागेवर 'सॉव्हरिन हिल' नावाचे उघडे संग्रहालय उभारले. जुन्या धर्तीची दुकाने, लोहाराचा भाता, घोडागाड्या, खाणीचे भुयार, सारे चालते-बोलते. शाळेची मुले येतात, ओढ्याच्या वाळूत ताटली फिरवून सोन्याचे कण शोधतात. गावातल्या अनेकांची रोजी-रोटी त्यावर चालते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातले बोडी हे गाव याच्या उलट. सोने संपले तशी माणसे घरे सोडून गेली. १९६२ मध्ये तिथल्या राज्याने ते गाव ताब्यात घेतले आणि एक नियम केला. नवे काही बांधायचे नाही, जुन्याला रंग फासायचा नाही, फक्त जे आहे ते आणखी पडू द्यायचे नाही. छप्पर गळले तर तेवढे शाकारायचे, भिंत कलली तर टेकू द्यायचा. गरीब गावाला परवडेल अशी ही रीत आहे. आपणही जुना गोठा असाच सांभाळतो, नाही का?

तिसरे उदाहरण जपानच्या साडो बेटाचे. तिथल्या सोन्याच्या खाणींना जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पण त्याआधी कोरियाने हरकत घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात आमच्या माणसांना तिथे सक्तीने राबवले, ते लपवून नुसता मोठेपणा कसा मिरवता? शेवटी त्या मजुरांची हकीकतही तिथे मांडायची असे जपानने कबूल केले, तेव्हा मान्यता मिळाली.

कोलारच्या बाबतीत हा तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. बंगले, क्लब, चर्च यांचे फोटो छान येतात. उद्या एखादा धनिक पुढे येईल, बंगल्याचे हॉटेल करील, 'छोटे इंग्लंड' म्हणून पाटी लावील आणि लाईनींवर बुलडोझर फिरवील. तसे झाले तर साहेबाचा वारसा राहील आणि मजुराचा पुसला जाईल. ज्याच्या छातीत दगडाची पूड साचली त्याची खोली जपली नाही, तर बाकी सारे जपून काय उपयोग? एक बंगला जपा, तशी एक लाईनही जपा. क्लबातली टेबले जपा, तसा पिंजऱ्यात उतरताना हातात धरायचा दिवा आणि डोक्यावरची टोपीही जपा.

कामे कोणती, क्रम कोणता

पहिले काम कागदपत्रांचे. खाणीचे नकाशे, हजेरीपट, अपघातांची नोंदवही, दवाखान्याची रजिस्टरे ही वाळवीच्या आधी सुरक्षित जागी गेली पाहिजेत. तुमच्या-आमच्या घरात सातबाराचा आणि फेरफाराचा उतारा जपून ठेवतात, का? तर उद्या हक्क सांगायची वेळ आली तर कागद लागतो. खाणकामगाराच्या विधवेला, मुलाला हक्क मागायचा असेल तर बापाचे नाव हजेरीपटावर सापडले पाहिजे. तेव्हा जुना कागद ही केवळ इतिहासाची बाब नाही.

दुसरे काम आठवणींचे. खडक फुटण्याआधी कसा आवाज येई, नवा माणूस पहिल्यांदा खाली उतरला की जुने लोक त्याला काय सांगत, पाळीवर गेलेला नवरा परत येईपर्यंत बायका भोंग्याकडे कान लावून कशा बसत, हे कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच आहे. आणि हे काम सर्वांत स्वस्त आहे. एक वही, किंवा आता प्रत्येक पोराच्या खिशात असलेला मोबाइल फोन, एवढे पुरते.

तिसरे काम निवडक वास्तूंचे. सारे गाव काही जपता येणार नाही. एक शाफ्ट, त्यावरचा मनोरा आणि चाक, पिंजरा ओढणारे एक यंत्र, दवाखान्याचा एक भाग, एक लाईन आणि शास्त्रज्ञांच्या कामाची आठवण सांगणारी एक खोली, एवढे जरी 'बोडी'च्या रीतीने सावरले तरी पुष्कळ. आपल्या देशाच्या १९५८ च्या प्राचीन वास्तूंच्या कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षांची असावी अशी अट आहे. कोलारच्या कितीतरी वास्तू आज त्या अटीत बसतात. दार्जिलिंग, निलगिरी आणि सिमला इथल्या डोंगरी रेल्वे जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. आपल्या देशाची एकही खाण मात्र त्या यादीत नाही.

चौथे काम घाईचे. चोथ्याच्या टेकड्या उपसायच्या असतील तर त्याआधी त्यांची मोजणी, छायाचित्रे आणि धुळीचा बंदोबस्त झाला पाहिजे. टेकडी गेली याचे दुःख कोणाला होणार नाही. पण शंभर वर्षे कुणाच्या अंगावर ती धूळ उडाली याची नोंद राहिली पाहिजे. आणि त्यातून सोने निघालेच तर त्याचा वाटा त्या गावच्या पाण्याला, दवाखान्याला आणि वारशाला मिळावा, ही मागणी न्यायाची आहे.

पाचवे काम रोजगाराचे. पाहुण्याला खाण दाखवायला तिथल्याच खाणकामगाराचा मुलगा किंवा मुलगी असावी. बाहेरच्या माणसाने पाठ करून सांगितलेली गोष्ट आणि बापाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हे आपल्याला का सांगायचे?

वाचकहो, कोलार दूर आहे असे समजू नका. तुमच्या गावातून कितीजण मुंबईच्या गिरणीत गेले होते ते आठवा. कोकणातून, घाटावरून, साताऱ्या-सांगलीकडून गेलेल्या त्या माणसांच्या मनीऑर्डरीवर इकडची शेती तगली. १९८२ चा संप झाला, गिरण्या मोडल्या, त्या जागी काचेच्या इमारती आल्या. आज गिरणगावात फिरले तर एखादी चिमणी तेवढी उभी दिसते. साच्यावर उभे राहून आयुष्य काढलेल्या त्या माणसाची खोली, त्याचा पाळीचा डबा, खाणावळीतली त्याची ताटे कुठे गेली? विदर्भात यवतमाळ ते मूर्तिजापूर कापसासाठी घातलेली 'शकुंतला' ही छोटी गाडी बंद पडली. पश्चिम महाराष्ट्रात बार्शी लाइटच्या अरुंद रुळांच्या जागी रुंद रूळ आले. गावोगावच्या जुन्या जिनिंगच्या शेडा, पेढ्या, मोटेच्या विहिरी, धान्याची पेवे बुजत चालली. ज्या धंद्यावर एक अख्खी पिढी जगली, तो धंदा बंद पडला की दहा-वीस वर्षांत त्याचे नावनिशाण उरत नाही, हेच कोलारची गोष्ट आपल्याला सांगते.

किल्ले आणि देवळे जपायला माणसे पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. पण राबणाऱ्या माणसाचे काम हेही वारसा असते, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही. राजाच्या नावाचा शिलालेख असतो. मजुराच्या नावाचा शिलालेख कोणी कोरत नाही. तो आपणच लिहायचा असतो.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. घरातल्या, नाहीतर शेजारच्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ शाळेत जाणारे पोर बसवा. आजोबा, तुम्ही गिरणीत, गुऱ्हाळात, खाणीत, धरणाच्या कामावर कुठे राबलात? रोज काय मिळत होते? सकाळी किती वाजता निघत होतात? बरोबर कोण कोण होते? आजी, ते कामावर असताना घर कसे चालवलेत? पोराने हे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून घ्यावे. खाली तारीख आणि गावाचे नाव घालावे. घरात जुना पगाराचा कागद, बिल्ला, फोटो असेल तर तो ट्रंकेत नीट गुंडाळून त्या वहीबरोबर ठेवावा. शाळेतल्या गुरुजींनी मनावर घेतले तर अशा पंचवीस वह्यांत साऱ्या गावाचा इतिहास होईल.

कोलारच्या लाईनींत खाण बंद झाली त्या वेळी जी माणसे चाळिशीत होती, ती आज साठी ओलांडून गेली आहेत. तुमच्या घरातल्या आजोबांचेही वय थांबलेले नाही. सोने जमिनीत लाखो वर्षे वाट पाहते. माणसाची आठवण तेवढी थांबत नाही.